पाणी आधी, धूर नंतर

पाऊस सरला की तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. बांबू रोवायचे, त्यांना आडवे दोर ताणायचे आणि त्यावर ओले बोंबील टांगायचे. टांगण्याची रीत जवळून पाहावी अशी आहे. बाई एका हातात एक बोंबील घेते, दुसऱ्या हातात दुसरा, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरावर टाकते. सुतळी नको, आकडा नको. बोंबलाचे दात सुईसारखे बारीक आणि आतल्या बाजूला वळलेले; एकदा अडकले की वाऱ्याने हलत राहतात पण सुटत नाहीत. हे सगळं बोलता बोलता चालतं, नजर हातांकडे नसतेच. तीन-चार दिवस ऊन आणि वारा मिळाला की काम झालं. वीज लागत नाही, कॉइल जळत नाही, कुणाला मेकॅनिक शोधावा लागत नाही.

आता समजा, याच पट्ट्यात बोईसरच्या एखाद्या गच्चीवर विजेवर चालणारी धुराची पेटी, म्हणजे इलेक्ट्रिक स्मोकर, आणलेला आहे. चौकोनी कपाट, तळाला कॉइल, तिच्यावर लाकडाच्या चिपांची तबकडी, वर पाण्याचं भांडं आणि त्याच्यावर जाळ्या. मालकाने रावसाचे तुकडे मांडले, काटा 110 अंशांवर नेला आणि दार लावलं. दीड तास झाला तरी थर्मामीटर सत्तरच्या पुढे जाईना. आत धूर आहे, वासही सुटलाय, पण मासा कच्चाच. अशा वेळी माणूस पहिला आरोप कॉइलवर ठेवतो. कॉइल गेली, कंपनीने फसवलं, चायना माल, ही वाक्यं ठरलेली. कॉइल खरोखर गेलेली असू शकते, नाही असं नाही. पण तिच्यावर आरोपपत्र ठेवण्याआधी एक साक्षीदार तपासावा लागतो, आणि तो म्हणजे पाणी.

ओल्या बोंबलात शंभर भागांत साधारण 88 ते 90 भाग पाणी असतं. दहा किलो ओला बोंबील सुकवला तर हाती दीड किलोच्या आतबाहेर माल येतो. बाकीचं साडेआठ किलो पाणी हवेत जातं. एक किलो पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी ऊर्जा लागते. म्हणजे साडेआठ किलोंना साडेपाच-सहा युनिट. घरगुती पेटीची कॉइल 800 वॅटची धरली आणि एक कणभरही उष्णता बाहेर गेली नाही असं मानलं, तरी सात तास नुसतं पाणी घालवण्यात जातील. किनाऱ्यावर भर दुपारी एका चौरस मीटरवर ऊन साधारण एक किलोवॅटच्या हिशेबाने पडतं, आणि वलांडी कितीही लांब बांधता येते. बाजारातल्या कुठल्या पेटीने या कारखान्याशी स्पर्धा करावी?

रावस, सुरमई, घोळ यांच्यात पाणी बोंबलाइतकं नसतं, आणि धुरी देताना मासा खडखडीत सुकवायचाही नसतो. तरी तत्त्व तेच. माशाच्या अंगावरून पाणी उडत असतं तोवर ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. घामाने अंग गार पडतं तसं. अमेरिकेत मोठमोठे मांसाचे तुकडे बारा-बारा तास धुरीवर ठेवणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा: मांसाचं तापमान साठ-सत्तर अंशांच्या आसपास येतं आणि तिथेच तासन् तास अडून बसतं. पुष्कळ वर्षं याचं खापर चरबीवर आणि प्रथिनांवर फुटत होतं. नीट मोजमाप झाल्यावर निघालं ते पृष्ठभागावरून उडणारं पाणी. कॉइल जेवढं देते तेवढं बाष्पीभवन खाऊन टाकतं. जमाखर्च जुळला की काटा थांबतो.

गच्चीवरच्या मालकाने काय काय ओझं लादलं होतं ते एकदा मांडू. कपाटाचं पोलाद वीस किलो धरलं तर ते ऐंशी अंशांनी तापवायला 800 वॅटच्या कॉइलला सुमारे 17 मिनिटं. भांड्यात तीन लिटर गार पाणी ओतलं असेल तर ते उकळीला आणायला आणखी वीस मिनिटं. बर्फातून काढलेला पाच किलो मासा पासष्ट अंशांपर्यंत न्यायला वरची बावीस. झाला की तास! भिंतींतून आणि फटींतून जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही. भांड्यात नळाच्या पाण्याऐवजी कडकडीत उकळलेलं ओतलं तर वीस मिनिटं तिथल्या तिथे वाचतात. पेटी रिकामी तापवून मग मासा आत ठेवला तर आणखी. हे कुठल्याही घरात कुणालाही फुकटात करता येण्यासारखं आहे, म्हणूनच कदाचित कुणी करत नाही.

या किनाऱ्यावर धुरीची परंपरा का रुजली नाही, याचं उत्तरही पाण्यातच आहे. जिथे ऊन भरवशाचं नाही किंवा हवा कायम दमट, तिथे माणसाने मासा चुलीवर टांगला. ईशान्य भारतात घरोघरी तेच. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर कुपा मासा उकडून, धुरी देऊन, मग उन्हात वाळवून 'मासमीन' करतात. दगडासारखा कडक होतो आणि वर्षभर टिकतो. उत्तर कोकणाला ऑक्टोबर ते मे असं आठ महिने कोरडं ऊन मिळालं. बोंबील वलांडीवर, जवळा आणि करंदी खळ्यावर, सोडे सोलून पसरलेले, आणि जूनच्या आधी आगोटीची खरेदी म्हणून हा सगळा माल आतल्या गावांत पोचलेला. पावसाळ्याची सोय आधीच झालेली असल्यामुळे धुराचं काम पडलं नाही. सातपाटीचं पापलेट तर ताजंच विकलं जाणार, ते कोण सुकवणार? 2023 मध्ये त्याला राज्यमाशाचा मानही मिळाला.

म्हणजे तारापुरात धुराची पेटी हा पाहुणा आहे. पण पाहुण्याला लागणारी वीज इथलीच, आणि इथे गंमत सुरू होते. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र याच तारापुरात 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी वीज देऊ लागलं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारून दिलेल्या दोन अणुभट्ट्या. पुढे त्यांची क्षमता प्रत्येकी 160 मेगावॅट ठरवली गेली. 2005 आणि 2006 मध्ये शेजारीच 540 मेगावॅटच्या दोन देशी भट्ट्या चालू झाल्या, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. एवढी वीज उशाशी तयार होते, म्हणून शेजारच्या घरातला व्होल्टेज पक्का असेल असं वाटणं साहजिक आहे. तसं नसतं. केंद्राची वीज उच्च दाबाच्या तारांवरून आधी ग्रिडला मिळते, आणि मग उपकेंद्र, फीडर, डीपी असा उलटा प्रवास करून घरात येते. डीपीपासून शेवटच्या खांबावर असलेल्या घराला अणुभट्टी दोन किलोमीटरवर आहे की दोनशे, याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो डीपीपासूनच्या अंतराने आणि संध्याकाळी सात वाजता किती घरांत एसी आणि गिझर चालू आहेत याने.

व्होल्टेज थोडा उतरला तर उष्णता थोडीच उतरेल, हा दुसरा गैरसमज. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 230 चे 200 झाले म्हणजे व्होल्टेज 13 टक्के पडला, पण उष्णता 24 टक्के पडली. 800 वॅटची कॉइल 605 वॅटची झाली. 180 वर तर ती पाचशेच्या खाली येते. नियमाने चालणारी सहा टक्के घटसुद्धा बारा टक्के उष्णता खाते. दिवा मंद झालेला डोळ्यांना दिसतो, जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात तर घरातलं पोरही सांगायचं की लाइट डाउन आहे. आता एलईडीचा दिवा 180 वरही तसाच पांढराशुभ्र जळतो, आणि व्होल्टेज पडल्याची चुगली करणारं घरात कुणी उरलेलं नाही.

परदेशातून आलेल्या पेटीचं प्रकरण वेगळंच. न्यू जर्सीहून कुणी हौसेने पाठवलेला स्मोकर 120 व्होल्टचा असतो. तो सरळ आपल्या प्लगमध्ये घातला तर कॉइल नेमलेल्या शक्तीच्या साडेतीनपटीहून जास्त ओढते आणि निरोप घेते. म्हणून मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर येतो. तो बहुधा घरात पडलेला, मिक्सरसाठी घेतलेला, 500 वॅटचा. त्यावर 1,500 वॅटची पेटी लावली की ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, हात लावू नये इतका तापतो, व्होल्टेज बसतो आणि पेटी कोमट राहते. तापायचं ते तापतंच आहे, फक्त चुकीच्या जागी!

अमेरिकेत या पेट्यांबरोबर एक तंबी हमखास मिळते: लांब एक्स्टेन्शन वायर वापरू नका. तिथे ती रास्त आहे. 0.75 चौरस मिलिमीटरच्या वीस मीटर दुहेरी तारेचा रोध साधारण एक ओहम. 120 व्होल्टवर 1,500 वॅटच्या पेटीला साडेबारा अँपियर लागतात, म्हणजे तेरा व्होल्ट वाटेतच गळतात आणि उष्णता वीस टक्क्यांच्या आसपास घटते. आपल्याकडे 230 व्होल्टवर तीच पेटी साडेसहा अँपियर घेते, गळती सात व्होल्टांची, घट सहा टक्के. त्यामुळे इथे वायरच्या लांबीपेक्षा सांध्यांकडे बघावं. ढिला प्लग, काळा पडलेला सॉकेट, इन्सुलेशन टेपने जोडलेली तार.

सांध्यांचं म्हणणं तारापूर एमआयडीसीत काम केलेल्या इलेक्ट्रिशियनला सांगावं लागत नाही. कापड, रंग, रसायनं, औषधं, सगळीकडे काहीतरी तापवायचं आणि वाळवायचं असतं. ड्रायर वेळेत तापत नाही ही तक्रार तिथे रोजची. असा माणूस आला की तो पेटीचं दार उघडत नाही. आधी क्लॅम्प मीटर काढतो आणि पेटी चालू असताना एकाच तारेभोवती लावतो. 800 वॅटच्या कॉइलने 230 व्होल्टवर साडेतीन अँपियर घेतलेच पाहिजेत. तेवढे असतील तर कॉइल निर्दोष, शोध दुसरीकडे. दोन कॉइलींच्या पेटीत आकडा निम्मा दिसला तर एक कॉइल मेलेली. दुसरी बिचारी एकटी राबतेय आणि बाहेरून सगळं चालू दिसतंय. हळू तापणाऱ्या पेटीचा हा खराखुरा, सापडायला सोपा आणि तरीही हमखास निसटणारा दोष. मग प्लग काढून, कॉइल गार झाल्यावर मागचं पत्र्याचं झाकण निघतं. आत समुद्राकाठच्या यंत्रात जे दिसतं ते आतल्या गावांत दिसत नाही: लग्जवर हिरवट पांढरी बुरशीसारखी साय, स्क्रूला गंज, एका तारेचं प्लास्टिक तपकिरी होऊन आक्रसलेलं. खाऱ्या हवेने सांधा खाल्ला, सांध्यात रोध वाढला, आणि जी उष्णता माशाला मिळायची ती तिथे त्या स्क्रूपाशी जळत राहिली. पॉलिश पेपरने घासायचं, लग नवा दाबायचा, स्क्रू कसायचा. खर्च चहापाण्याचा.

कधी कधी पेटी तापलेली असते आणि खोटं बोलत असतो तो थर्मामीटर. दारावरचा गोल काटा दाराचं तापमान सांगतो, आतली डिजिटल पट्टी मागच्या भिंतीचं, आणि मासा या दोघांच्या मध्ये. सेन्सरवर धुराचा डांबरी थर बसला की तोही सुस्तावतो. ओल्या फडक्याने पुसायला हवा. थर्मामीटर खरा की खोटा हे पाहायची सोय किनाऱ्यावर चांगली आहे. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांवर उकळतं, तेव्हा उकळत्या पाण्यात धरला की कळतं. पुण्यात हीच परीक्षा घेतली तर 98 च्या आसपास दाखवणारा थर्मामीटरच खरा, महाबळेश्वरला त्याहून खाली.

दार उघडलं की पंधरा मिनिटं वाया, असं स्मोकरवाले छातीठोकपणे सांगतात. हिशेबाला हे तितकंसं पटत नाही. दीडशे लिटरच्या कपाटातली हवा सगळी बाहेर गेली तरी तिच्यातली उष्णता कॉइल पंधरा-वीस सेकंदांत भरून काढते. खरा साठा पोलादात आणि पाण्यात असतो, आणि तो अर्ध्या मिनिटात पळत नाही. दार सताड उघडं ठेवून फोटो काढत बसू नये एवढंच. त्यापेक्षा झिजलेल्या गॅस्केटची बारीक फट वाईट, ती तासन् तास उघडीच असते. आणि दुपारी सुटणारा खारा वारा त्याहून वाईट. पातळ पत्र्याची पेटी गच्चीच्या पश्चिम कठड्यापाशी ठेवली तर ती अर्धा अरबी समुद्र तापवायला निघालेली असते. जिन्याच्या भिंतीआड सरकवली की फरक त्याच दिवशी दिसतो. वरची झडप मात्र सुरुवातीला उघडी हवी. उष्णता कोंडायच्या लोभाने ती बंद केली की वाफही कोंडते, मासा सुकत नाही, नुसता उकडतो, आणि काटा पुन्हा तिथेच.

हळू तापणं हा प्रत्येक ठिकाणी दोष नसतो, हेही तारापुरातच कळतं. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या ज्या जातीच्या आहेत त्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांचं पोलादी पात्र तासाला साधारण 55 अंशांपेक्षा वेगाने तापवायचं नाही, असा जगभरचा दंडक आहे. जाड पोलाद आतून-बाहेरून असमान तापलं तर त्यावर ताण येतो. अणुकेंद्रात सावकाशी मुद्दाम पाळली जाते.

पेटीचा इतिहासही उष्णता आवरण्याचाच आहे. युरोपात धुराची घरं म्हणजे उंच धुराडी होती. खाली भुसा धुमसायचा, वर मासे टांगलेले, खालचे करपायचे आणि वरचे कच्चे राहायचे, मग माणसं चढून त्यांची अदलाबदल करायची. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या टॉरी संशोधन केंद्राने 1930 च्या दशकाच्या अखेरीस पंखा बसवलेली, तापमान आणि दमटपणा सांभाळणारी भट्टी तयार केली. धंदेवाईक धुरीघरं आजही तिच्याच वळणाची. घरगुती बाजूला अमेरिकेतला 'लिटल चीफ' प्रसिद्ध आहे: ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा डबा, 250 वॅटची कॉइल, थर्मोस्टॅट नाहीच. तो जेमतेम 74 अंशांच्या आसपास जातो, आणि थंडीत मालक लोक त्याच्यावर तो ज्या खोक्यातून आला तेच खोकं चढवतात. एवढ्याशा शक्तीवर सामन मासा उत्तम होतो, कारण आत ठेवण्याआधी तो मिठाच्या पाण्यात मुरवलेला आणि वाऱ्यावर कोरडा केलेला असतो.

इथे वलांडीवाल्या बाईला विचारलं असतं तर तिने पहिल्याच वाक्यात हे सांगितलं असतं. मासा निथळू द्या, मीठ लावा, वारा लागू द्या. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं. मग पंख्याखाली किंवा सावलीत वाऱ्यावर तास-दोन तास जाळीवर ठेवला की वरची ओल जाते आणि एक किंचित चिकट, चमकदार पापुद्रा धरतो. धूर त्यालाच नीट बसतो. ओल्या अंगावर बसलेला धूर ओघळतो आणि कडवट लागतो. लाकडासाठीही लांब जायला नको. घोलवड-डहाणूला चिकूची छाटणी होते, आंब्याच्या फांद्या आहेत, नारळाची सोडणं आहेत. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड तेवढं टाळावं, त्याला काय फवारलंय ते सांगता येत नाही. चिपा भिजत घालायची फॅशनही सोडून द्यावी. त्या पाण्याची वाफही शेवटी त्याच कॉइलने करायची असते.

आणि एवढं सगळं करूनही पेटी हळूच तापत असेल, तर त्या दिवशीच्या माशाचा विचार यंत्राच्या आधी करायला हवा. पाच ते साठ अंश हा जंतूंचा आवडता टापू. कोमट पेटी म्हणजे त्यांचं पाळणाघरच. धुरी दिलेल्या माशाचा गाभा 63 अंशांवर अर्धा तास राहावा असा अमेरिकी अन्नखात्याचा दंडक आहे, आणि तो उगाच आलेला नाही. 1963 मध्ये तिथे ग्रेट लेक्सच्या व्हाइटफिशला नीट न तापवता धुरी दिली गेली, हवाबंद पिशव्यांत भरून तो मासा विकला गेला आणि बोट्युलिझमने माणसं दगावली. म्हणून घरी केलेला माल हवाबंद केला तरी फ्रिजमध्येच ठेवा. बांगडा, सुरमई, कुपा यांच्याबाबत तर मुळीच दयामाया नको. हे मासे कोमट राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते नंतर कितीही शिजवलं, तळलं, धुरी दिली तरी जात नाही. दोन तासांत गाभा साठ अंशांच्या पार गेला नसेल तर तो मासा फेकून द्या, मांजरालाही घालू नका, आणि दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी लावून क्लॅम्प मीटरचा आकडा बघा.